रोग बरा होतो, कलंकाचे काय?

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कुष्ठरोगासंबंधी एक राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी असलेल्या या आराखड्यात, २०२७ पर्यंत देशातील कुष्ठरोगाचा प्रसार पूर्णपणे थांबविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा जागतिक निकष आपण डिसेंबर २००५ अखेर गाठला होता आणि ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे त्यावेळीही जाहीर करण्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. त्या घोषणेनंतरही बहुतेक वर्षी देशात लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळत राहिले. जगात सापडणाऱ्या एकूण नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात. महाराष्ट्रात पालघर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर हा रोग अजून ठाण मांडून आहे.

औषध उपलब्ध आहे. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्याने रोग पूर्ण बरा होतो. तरीही रुग्ण दवाखान्याची पायरी उशिरा का चढतो? बोटे वाकडी होईपर्यंत, पायाला जखम होईपर्यंत तो थांबून का राहतो? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा समाजशास्त्राकडे अधिक आहे. रुग्णाला रोगाची भीती वाटते त्याहून अधिक भीती त्या रोगाच्या नावाची वाटते. म्हणूनच एखाद्या गोष्टीला ‘अस्पर्श’ ठरविण्याची प्रथा समाजात कशी जन्म घेते, ती कोणाच्या आधाराने वाढते आणि जिच्या वाट्याला ती येते ती माणसे तिला कसे तोंड देतात, याचा विचार या निमित्ताने करणे उचित ठरेल. ख्रिस्तसभेचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. त्यात अभिमानाचे क्षण आहेत, तसेच आत्मपरीक्षणाचेही आहेत.

रोग आणि त्याला चिकटलेला अर्थ

नॉर्वेमधील डॉक्टर गेरहार्ड आर्माउर हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. हा रोग अनुवांशिक नाही, तो शाप नाही, एका सूक्ष्म जंतूमुळे होणारा तो आजार आहे, हे त्या शोधामुळे हळूहळू स्पष्ट झाले. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते. त्यामुळे संसर्गजन्य रोगांमध्ये हा अत्यंत मंदगतीने पसरणारा रोग मानला जातो. जंतूंनी शरीरात प्रवेश केल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीस वर्षेही लागतात.

नेमकी हीच गोष्ट समाजाला गोंधळात टाकणारी ठरली. पटकीची किंवा देवीची साथ आली की कोणामुळे कोणाला आजार झाला हे लोकांना दिसत असे. कुष्ठरोगात कारण आणि परिणाम यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचे अंतर असते. एका घरात एकाला होतो, शेजारी झोपणाऱ्या दुसऱ्याला होत नाही. जेथे डोळ्यांना कारण दिसत नाही, तेथे माणसाचे मन नैतिक कारण शोधू लागते. मग कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हटले, कोणी देवाची शिक्षा म्हटले, कोणी वाईट चालीचा परिणाम म्हटले. हा रोग चेहऱ्यावर आणि हातापायांवर खुणा उमटवतो. त्यामुळे ते कल्पित पाप जणू सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत शरीरावर लिहिले गेले, असा समज दृढ झाला.

रोगाने बोटे झडतात, हाही असाच एक समज. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्योत्तर काळात केलेल्या कामामुळे त्याला छेद मिळाला. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात, त्यामुळे हातापायांतील संवेदना नाहीशी होते. चटका बसला तरी कळत नाही, खिळा रुतला तरी दुखत नाही. दुर्लक्षित जखमा चिघळत जातात आणि अवयवाची हानी होते. म्हणजे ज्या विद्रूपतेमुळे समाज या माणसांना दूर लोटत होता, ती योग्य काळजी घेतल्यास बव्हंशी टाळता येण्याजोगी होती. दूर लोटल्यामुळे काळजी घेतली गेली नाही, काळजी न घेतल्यामुळे विद्रूपता वाढली, आणि वाढलेल्या विद्रूपतेने दूर लोटण्याला नवे कारण पुरविले. कलंक हा असा स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करीत असतो.

एका शब्दाचा प्रवास

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत ‘त्साराथ’ या हिब्रू शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराविषयी सविस्तर नियम आहेत. हा विकार माणसाच्या कातडीवर दिसतो, तसाच तो कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही दिसतो, असे तेथे म्हटले आहे. कपड्याला किंवा भिंतीला कुष्ठरोग होत नाही, हे उघड आहे. ‘त्साराथ’मध्ये त्वचेचे निरनिराळे विकार, बुरशी, डाग अशा अनेक गोष्टींचा समावेश होता आणि तिचा संबंध मुख्यतः विधिपूर्वक शुद्ध-अशुद्ध ठरविण्याशी होता, असे बायबलचे अभ्यासक सांगतात.

हिब्रू ग्रंथाचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी या शब्दासाठी ‘लेप्रा’ हा शब्द वापरला. ग्रीक वैद्य खवले पडणाऱ्या त्वचाविकारांना ‘लेप्रा’ म्हणत. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याला त्यांनी निराळे नाव दिले होते. पुढे मध्ययुगात वैद्यकीय ग्रंथांची एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतरे होताना ‘लेप्रा’ हे नाव प्रत्यक्ष कुष्ठरोगाला चिकटले. परिणामी लेवीयमधील सगळे विटाळाचे नियम, छावणीबाहेर राहण्याची आज्ञा आणि ‘अशुद्ध’ असा पुकारा एका विशिष्ट रोगाच्या रुग्णांना लागू झाला. मराठीत ‘महारोग’ आणि ‘कुष्ठरोग’ या शब्दांनी तेच ओझे पुढे वाहिले. भाषांतरातील एका सरमिसळीने शतकानुशतके असंख्य माणसांच्या आयुष्यावर केवढी छाया टाकली, याचा विचार केला तर मन सुन्न होते.

शुभवर्तमानातील प्रभू येशूचे वर्तन या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मत्तय आणि मार्क या दोघांनीही सांगितलेल्या प्रसंगात प्रभू त्या माणसाला शब्दाने बरे करण्याआधी हात पुढे करून स्पर्श करतो. तत्कालीन नियमाप्रमाणे स्पर्श करणारा स्वतः अशुद्ध ठरत असे. नंतर प्रभू त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो, कारण त्याला गावात परत घेण्याचा अधिकार याजकाकडे होता. बरे होणे आणि समाजात परत जाणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले झाल्याने दुसरे आपोआप होत नाही, हे त्या प्रसंगात स्पष्ट दिसते.

ख्रिस्ती युरोपने मात्र हा धडा अर्धाच गिरवला. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठबाधितांना स्वतंत्र चर्च, स्वतंत्र दफनभूमी आणि स्वतंत्र धर्मगुरू ठेवण्याचा अधिकार दिला. त्यांच्या आध्यात्मिक गरजांची ती आस्थापूर्वक घेतलेली दखल होती, परंतु त्यांनी इतरांपासून वेगळे राहावे हे त्यात गृहीतच धरलेले होते. त्याच काळात जेरूसलेमच्या सिंहासनावर चौथा बाल्डविन हा कुष्ठरोगाने ग्रासलेला राजा ११७४ ते ११८५ पर्यंत राज्य करीत होता आणि त्याची प्रजा त्याच्या नेतृत्वाखाली लढत होती. उलट १३२१ साली फ्रान्समध्ये कुष्ठबाधितांनी विहिरींत विष कालविल्याची अफवा उठली आणि अनेकांना जिवंत जाळण्यात आले. रोग तिन्ही ठिकाणी एकच होता. म्हणजे कलंकाची तीव्रता रोगावर अवलंबून नसते. माणसाचे समाजातील स्थान आणि समाजाच्या मनातील त्या वेळची भीती यांवर ती ठरत असते.

भीतीला कायद्याचे बळ

एकोणिसाव्या शतकात युरोपातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता. तरीही आधुनिक काळातील सर्वांत कठोर कायदे याच काळात झाले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वसाहतींच्या विस्ताराबरोबर पाश्चात्त्य माणसाला हा रोग पुन्हा दिसू लागला आणि तो ‘परक्यांचा’ रोग म्हणून दिसला. हवाईच्या राज्यात १८६५ साली कायदा झाला आणि पुढील वर्षापासून रुग्णांना मोलोकाई बेटावरील कलाऊपापा द्वीपकल्पावर हद्दपार करण्यास प्रारंभ झाला. १९६९ पर्यंत चाललेल्या या धोरणाखाली सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठविण्यात आली. त्यांतील बहुसंख्य मूळचे हवाईवासी होते. त्यांनी आपल्या भाषेत या रोगाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘कुटुंबाची ताटातूट करणारा आजार’ असा होतो. रुग्णांच्या दृष्टीने खरा आजार कोणता होता, हे त्या नावात सामावले आहे.

याच बेटावर १८७३ साली बेल्जियमचे फादर डेमियन गेले. त्यांनी तेथे घरे बांधली, पाणी आणले, मृतांना सन्मानाने पुरले आणि अखेर स्वतःला रोग जडून १५ एप्रिल १८८९ रोजी ते मरण पावले. २००९ साली ते संत म्हणून घोषित झाले. त्यांच्यामागून कार्य करणाऱ्या मदर मेरियन कोप यांना २०१२ साली संतपद मिळाले. हा इतिहास आपल्याला ज्ञात आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. फादर डेमियन यांच्या मृत्यूच्या बातमीने जगभर आदराची लाट उसळली, तशीच घबराटही पसरली. एक निरोगी युरोपीय माणूस या रोगाने मेला, तेव्हा हा रोग साम्राज्यभर पसरेल, असे इंग्लंडमध्ये बोलले जाऊ लागले. त्यांच्या स्मरणार्थ ‘नॅशनल लेप्रसी फंड’ स्थापन झाला आणि त्या निधीतून १८९० साली एक आयोग हिंदुस्थानात पाठविण्यात आला. संसर्गाचा धोका अत्यल्प असून रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची आवश्यकता नाही, असा या आयोगाचा निष्कर्ष होता. तो अनेकांना रुचला नाही. १८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विलगीकरणाचा पुरस्कार केला आणि १८९८ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ संमत केला. एका संताच्या त्यागातून करुणेबरोबर भीतीही जन्माला आली आणि कायदा भीतीच्या बाजूने झाला.

या कायद्याचा रोख पाहण्यासारखा होता. रस्त्यावर भीक मागणाऱ्या निर्धन रुग्णाला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. कायदा लागू केलेल्या भागात रुग्णांना खाद्यपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास, भाड्याची गाडी हाकण्यास बंदी घालता येत असे. घरात राहू शकणाऱ्या श्रीमंत रुग्णाला हात लावण्याचा विचार मात्र कायद्याने केला नाही. जंतू गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहीत. भेद कायद्याने केला. मुंबईत महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. तोच आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय होय. मराठी पोवाडे इंग्रजीत नेणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. तेथे हजारो निराधारांना आसरा आणि उपचार मिळाले हे खरे. परंतु ज्याची जागा कुंपणाआड आहे तो धोकादायक असलाच पाहिजे, हा संदेशही अशा प्रत्येक संस्थेच्या भिंतीने समाजाला दिला.

१८९८ चा तो कायदा रद्द होण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. गुणकारी बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच देशात सुरू झालेला होता. म्हणजे रोगावर उपाय मिळाल्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ हा कायदा पुस्तकात राहिला.

आपल्या विवाह-कायद्यातील एक कलम

हे सगळे परक्या राज्यकर्त्यांचे आणि जुन्या काळाचे पाप आहे, असे म्हणून आपली सुटका होत नाही. ख्रिस्ती समाजाला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा आहे. त्यात स्त्रियांवर मोठा अन्याय होता आणि तो दूर व्हावा म्हणून ख्रिस्ती महिलांनी व संघटनांनी दीर्घकाळ मागणी केली. अखेर २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पती-पत्नींना समान आधार मिळाले. या न्याय्य सुधारणेबरोबर एक नवे कलमही आत आले. जोडीदार निदान दोन वर्षे ‘तीव्र आणि असाध्य’ स्वरूपाच्या कुष्ठरोगाने पीडित असल्यास घटस्फोट मागता येईल, असे ते कलम होते. १८६९ च्या मूळ कायद्यात हा आधार नव्हता. जेव्हा औषध नव्हते तेव्हा जी तरतूद नव्हती, ती सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागल्यानंतर आली!

कायदा करणाऱ्यांनी हे दुष्टबुद्धीने केले, असे मानण्याचे कारण नाही. हिंदू विवाह कायद्यात, विशेष विवाह कायद्यात, मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात असा आधार आधीपासून होताच. सर्वांना एकसारखे करताना तोही उचलला गेला. कलंक टिकतो तो बहुधा असाच, द्वेषाशिवाय आणि सवयीने. केंद्रीय विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५६ व्या अहवालात अशा तरतुदींवर बोट ठेवले आणि २०१९ साली संसदेने पाच वैयक्तिक कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख काढून टाकला. त्यांत आपला कायदाही होता. अठरा वर्षे आपल्या विवाहविषयक कायद्यात हे कलम होते, याची आपल्यापैकी कितीजणांना कल्पना होती?

याच मालिकेतील आणखी एक प्रकरण. ओरिसातील एका निर्वाचित नगरसेवकाला कुष्ठरोगाच्या कारणावरून पद गमवावे लागले. त्या राज्याच्या १९५० च्या नगरपालिका कायद्यातील ही अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरविली, मात्र अशा तरतुदींचा फेरविचार कायदेमंडळाने करावा, असेही सुचविले. पुढे २०१८ साली त्याच न्यायालयाने कुष्ठबाधितांविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठी केंद्र व राज्य सरकारांना सविस्तर निर्देश दिले. दहा वर्षांत न्यायालयाची भाषा बदलली. ती आपोआप बदलली नाही. तिच्यामागे ज्यांच्यावर कलंक लादला गेला त्यांचे स्वतःचे प्रयत्न होते.

कलंकितांचे उत्तर

समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंकाच्या प्रश्नावर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. कलंक हा व्यक्तीचा गुणधर्म नसून दोन माणसांमधील संबंधाचा प्रकार आहे, हा त्यातील मुख्य विचार. बहिष्कृतांच्या प्रतिसादांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचे काही ठळक प्रकार दिसतात.

पहिला प्रकार लपविण्याचा. डाग कपड्याखाली झाकायचा, दूरच्या गावी जाऊन औषध घ्यायचे, घरच्यांनाही सांगायचे नाही. मुलीच्या लग्नाचा प्रश्न असेल तर आई वर्षानुवर्षे स्वतःचा आजार दडवून ठेवते. याला आपण अज्ञान म्हणतो, परंतु बहुतेकदा तो त्या व्यक्तीने केलेला व्यवहारी हिशेब असतो. समाज कसा वागेल याचा तिचा अंदाज चुकीचा नसतो. या हिशेबाची किंमत मात्र तिला हातापायांनी मोजावी लागते.

दुसरा प्रकार स्वतःचे निराळे जग उभारण्याचा. भारतात कुष्ठबाधितांनी स्वतः वसविलेल्या सातशेहून अधिक वसाहती आहेत. गावाने हाकलले म्हणून माणसे रेल्वेमार्गाच्या कडेला, नदीकाठी, शहराच्या वेशीवर एकत्र आली. तेथे निराळ्या जातींच्या व धर्मांच्या माणसांनी परस्परांशी लग्ने केली, पंचायत नेमली, मुले वाढविली. उपजीविकेसाठी अनेकांना भीक मागावी लागली आणि समाजाच्या भीतीवरच पोट भरण्याची वेळ आली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने पुन्हा अशा भिकाऱ्यांची तपासणी व स्थानबद्धता यांसाठी वेगळे कलम घालून तोही मार्ग काट्यांचा केला.

तिसरा प्रकार उघड प्रतिकाराचा. १८९३ साली हवाईतील कौआई बेटावर कोओलाऊ नावाच्या रुग्णाने पत्नीला सोडून मोलोकाईला जाण्यास नकार दिला आणि पकडण्यास आलेल्या अधिकाऱ्यावर बंदूक चालविली. सैनिक येऊनही तो सापडला नाही. त्याची पत्नी पिइलानी दऱ्याखोऱ्यांत अखेरपर्यंत त्याच्यासोबत राहिली आणि त्याला स्वतःच्या हातांनी पुरून गावी परतली. त्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही, परंतु कायद्याने तोडलेल्या विवाहबंधनाची ती कहाणी आहे हेही नाकारता येत नाही.

चौथा प्रकार लेखणीचा. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कार्व्हिल येथे चॅरिटी भगिनी १८९६ पासून कुष्ठबाधितांची सेवा करीत होत्या. तेथे दाखल झालेल्या स्टॅन्ली स्टाइन यांनी घरच्यांची बदनामी होऊ नये म्हणून स्वतःचे मूळ नाव टाकले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. तरीही १९४१ पासून त्यांनी ‘द स्टार’ हे नियतकालिक चालविले आणि ‘लेपर’ हा शब्द टाकून ‘हॅन्सनचा आजार’ म्हणावे, असा आग्रह जगापुढे धरला. त्या संस्थेतील रुग्णांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४६ साली. प्रेमाने सेवा करणाऱ्या भगिनी तेथे होत्या, तरीही मत देण्याचा अधिकार रुग्णांना स्वतः मागावा लागला, यातून सेवा आणि हक्क यांतील फरक ध्यानात येतो.

पाचवा प्रकार न्यायालयाचा. जपानमध्ये १९०७ पासून निरनिराळ्या कायद्यांखाली रुग्णांना आरोग्यगृहांत कोंडून ठेवण्यात येत असे. तेथे लग्न करण्यासाठी नसबंदीची अट घातली जाई. १९९६ साली कायदा रद्द झाला, पण सरकारने जबाबदारी स्वीकारली नाही. म्हणून १९९८ साली तेरा वृद्ध रहिवाशांनी कुमामोटोच्या न्यायालयात दावा दाखल केला. ११ मे २००१ रोजी न्यायालयाने सरकारला दोषी ठरविले आणि सरकारने अपील न करता क्षमा मागितली. निकालानंतरही बहुतेक वृद्ध घरी परतले नाहीत. परतण्यासारखे घरच उरले नव्हते. अनेकांच्या अस्थी नातलगांनी न नेल्यामुळे आरोग्यगृहातच राहिल्या. २०१९ साली त्याच न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई मिळाली पाहिजे असा निर्णय दिला. कलंक रुग्णापुरता थांबत नाही, तो घरादाराला व्यापतो, याची ती न्यायालयीन कबुली होती.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर श्रमाचे आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५० च्या सुमारास काही मोजक्या रुग्णांसह आनंदवन सुरू केले. तेथे रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती पिकविली, यंत्रमाग चालविले आणि बाहेरच्या मुलांसाठी महाविद्यालयही उभारले. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते त्यांनी बांधलेल्या वर्गांत गावाची मुले शिकू लागली. दया घेणारा माणूस देणारा झाला की कलंकाची मुळे हलतात, हे आनंदवनाने दाखविले. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी याच दिशेने कार्य केले. आपल्या परिसरात वर्सोव्याच्या विमला केंद्रातील हेल्पर्स ऑफ मेरी भगिनींनी आणि तळोज्याच्या स्वर्गद्वार आश्रमात फादर कार्लो तोरियानी यांनी उपचाराला पुनर्वसनाची जोड दिली. माजी खासदार राम नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यसभेकडे केलेल्या अर्जावर याचिका समितीने २००८ साली अहवाल दिला, तेव्हा भेदभाव करणाऱ्या कायद्यांचा प्रश्न प्रथमच संसदेसमोर समग्रपणे आला.

शब्दांची जबाबदारी

कायदे बदलले तरी भाषा मागे रेंगाळते. भ्रष्टाचार हा समाजाला लागलेला महारोग आहे, असे वाक्य आपण भाषणांत सहज वापरतो. प्रवचनातही पापाला कुष्ठरोगाची उपमा देण्याची जुनी वहिवाट आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली पदलोभ हा कुष्ठरोग आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. ज्या पोपमहोदयांनी उपेक्षितांना आयुष्यभर जवळ केले, त्यांच्या हेतूविषयी कोणालाही शंका नव्हती. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचे सदिच्छादूत योहेई सासाकावा यांनी अशी उपमा रुग्णांच्या वेदनेत भर घालते, असे नम्रपणे व्हॅटिकनला कळविले. जून २०१६ मध्ये खुद्द व्हॅटिकनमध्ये कुष्ठबाधितांच्या प्रतिष्ठेविषयी परिषद भरली. तिला रोगातून बरी झालेली माणसे उपस्थित होती आणि भेदभाव करणारी भाषा टाळावी असे आवाहन तेथून करण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये रोम येथे अशीच दुसरी परिषद झाली. ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांनी आपली चूक दाखविली तर ती ऐकून घेणे, हाही सेवेचाच भाग आहे.

‘स्टिग्मा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर डागलेली खूण असा आहे. संत पौलाने ख्रिस्ताच्या खुणा आपण शरीरावर वागवतो असे म्हटले, तेव्हा हाच शब्द वापरला. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या शरीरावर उमटलेल्या प्रभूच्या जखमांनाही आपण हेच नाव देतो. आणि या संताने मृत्यूपूर्वी लिहिलेल्या आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या परिवर्तनाची सुरुवात कुष्ठबाधितांच्या सहवासापासून झाल्याचे नमूद केले आहे. ज्या शब्दाने जग माणसाला हीन ठरविते, तोच शब्द श्रद्धेच्या परंपरेत सन्मानाचा झाला. आपल्या भाषेतही असे परिवर्तन घडू शकते.

पुढील वाटचाल

भीती कमी झाली तर लोक बेफिकीर होतील आणि रोग वाढेल, अशी शंका काहीजण घेतात. वस्तुस्थिती उलट आहे. उपचार सुरू होताच थोड्याच दिवसांत रुग्णापासून होणारा संसर्ग थांबतो. धोका असतो तो निदान न झालेल्या, लपून राहिलेल्या रुग्णापासून, आणि त्याला लपविते ती भीतीच. म्हणून कलंकनिवारण हे औषधवाटपाइतकेच आरोग्याचे काम आहे.

दुसरा प्रश्न वसाहतींचा. त्या मोडून सर्वांना मूळ गावी पाठवावे, असे वरवर पाहता योग्य वाटते. परंतु कलाऊपापाचे विलगीकरण १९६९ साली संपले तेव्हा अनेक रहिवाशांनी तेथेच राहणे पसंत केले. त्यांचे मित्र, त्यांच्या कबरी, त्यांचे चर्च तेथेच होते. आपल्याकडील वसाहतींतील रहिवाशांनाही प्रथम विचारले पाहिजे. अनेक ठिकाणी त्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. शहरे वाढत त्यांच्या दारापर्यंत आली आहेत. ज्यांना एकदा गावाबाहेर काढले, त्यांना आता विकासाच्या नावाखाली पुन्हा उठविले जाऊ नये, याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

धर्मग्रामाच्या पातळीवर करता येण्याजोगी कामे साधी आहेत. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि तेथे संवेदना नसेल, हातापायांना बधिरता येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करावी, हे मिस्सानंतरच्या सूचनांत सांगता येईल. जानेवारीचा शेवटचा रविवार हा जागतिक कुष्ठरोग दिन म्हणून १९५४ पासून पाळला जातो. राउल फॉलेरो या फ्रेंच कॅथोलिक प्रापंचिकाने तो सुरू केला. भारतात महात्मा गांधींच्या स्मृत्यर्थ ३० जानेवारीला हा दिवस पाळतात. त्या दिवशी देणगी गोळा करण्याबरोबरच एखाद्या बरे झालेल्या बंधुभगिनीला बोलावून तिचे म्हणणे ऐकावे. विवाहाची बोलणी चालली असताना, घरकामाला माणूस ठेवताना, शाळेत प्रवेश देताना हा विषय निघाला तर आपण कोणती बाजू घेतो, यावर आपल्या श्रद्धेची पारख होईल.

२०२७ चे उद्दिष्ट गाठले की नाही, हे सरकार आकड्यांनी सांगेल. परंतु बरा झालेला माणूस आपल्या गावात, आपल्या घरात, चर्चमधल्या आपल्या बाकावर परत येऊन बसला की नाही, याचा हिशेब कोणत्याही सरकारी नोंदवहीत सापडणार नाही. तो आपल्यालाच द्यावा लागणार आहे.